ओळीतला वाटा

"दोरी सोड गो!"

आबा वाळूवरून ओरडला. माझ्या बायकोवर. शेवंतीवर.

सकाळची वेळ. रापण पाण्यात होती. रापण हे एकट्याचं काम नव्हे. होडी जाळं घेऊन समुद्रात जाते, अर्धा गोल फिरून परत येते, आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या सगळा गाव किनाऱ्यावरून ओढतो. पुरुष, बाया, म्हातारे. रीत अशी की ज्याचा हात दोरीला लागला त्याला वाटा. पाहुणा असो, परका असो. मग मासळीचे वाटे वाळूवर ओळीत लागतात आणि ज्याने त्याने आपला उचलायचा.

शेवंतीने वीस-बावीस वर्षं ती दोरी ओढली होती.

"सोड म्हणतंय ना! काथ्यान हात फाटतत. तुझां रगत आमका लागतलां."

आबा रापणीचा मालक. जाळं त्याचं, होडी त्याची, देवळात पहिला मान त्याचा. त्याच्यापुढे कोण बोलणार? मागून कोणीतरी म्हणालं, "आता दोरयेक फिनेल लावूचां काय रे?" सगळे हसले.

शेवंतीने दोरी सोडली. तळवे लुगड्याला पुसले. तशीच उभी राहिली. मासळी आली तेव्हा आबाने तिचा वाटा ओळीत लावला नाही. वीस पावलं लांब, सुरूच्या झाडाखाली टाकला आणि पायाने दाखवला. "थंय आसा तुझो."

बांगडे होते. चांगले मोठे. तिने हात लावला नाही. कावळ्यांनी खाल्ले.

मी कुठे होतो? त्याच दोरीवर. तिच्यापासून सहा माणसं पुढे. मी दोरी सोडली नाही, तोंड उघडलं नाही. माझा वाटा ओळीत होता. तो मी उचलला आणि घरी नेला.

मी चौथी शिकलेला माणूस. गोड लिहिता येत नाही. झालं तसं लिहितो.

त्याआधी काही महिने शेवंतीला ताप यायचा, उतरायचा, परत यायचा. अंग वाळत गेलं. इस्पितळात रक्त तपासलं, एड्स निघाला. डॉक्टर टेबलापलीकडे खुर्ची मागे सरकवून बसला. त्याने तिला विचारलं, "बाई, मासे विकायला कुठेकुठे जाता?"

ती म्हणाली, "मालवणच्या बाजारात. कधी कट्टा गावाक."

"आणखी कुठे?"

मला त्याने विचारलं नाही मी कुठेकुठे गेलो. बारा वर्षं मी ट्रॉलरवर होतो. गोवा, कारवार, मंगळूर, वर वेरावळ. बंदराला बोट लागली की आम्ही कुठे जायचो ते बोटीवरच्या सगळ्यांना ठाऊक. त्यात केरळचे होते, आंध्रचे होते, सगळे आपापल्या गावी बायको असलेले. माझंही रक्त तपासलं. तेही तसंच निघालं. तो कागद मी घडी करून खिशात घातला आणि गावात कोणाला दाखवला नाही.

तिचा निकाल मात्र आमच्या आधी गावात पोचला. रक्ताच्या बाटल्या नेणारा आमच्याच वाडीतला होता.

डॉक्टरच्या मागे भिंतीवर जगाचा नकाशा होता. कुठे हा रोग जास्त, तिथे लाल रंग. आफ्रिका सगळी लाल. आपला देश थोडा फिका. शेवंती त्याच्याकडे बघत बसली. मग तिने विचारलं, "ह्येच्यात आमचो गाव खंय आसा?"

डॉक्टर हसला. "बाई, तुमचं गाव या नकाशात नाही."

बाहेर बाकावर एक मुलगी बसायची, समजावून सांगणारी. ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, दोरीने होत नाही. मासळीने होत नाही. एका ताटात जेवून होत नाही. आणि आता गोळ्या आहेत. मोठ्या देशांत माणसं गोळ्या खाऊन कामावर जातात." शेवंतीने विचारलं, "मग त्या लाल देशातली?" मुलगी म्हणाली, "तिथे गोळ्या उशिरा पोचल्या."

आमच्याकडे तरी कुठे वेळेवर पोचल्या? फुकट होत्या, पण घाटावर. पहाटेची एसटी, घाट, रांग, परत यायला दुसरा दिवस. तीन खेपा केल्या. चौथ्या वेळी शेवंतीला एसटीची पायरी चढता आली नाही. कंडक्टर म्हणाला, "लवकर करा." मी तिला घरी आणलं.

तोवर बाजारात तिच्या पाटीजवळ कोणी थांबत नव्हतं. बाया म्हणायच्या, बाजार फिरणारी बाई, कोणाकोणाकडे बसली असेल. हे तिच्या कानावर यायचं. माझ्याही. एका दुपारी पडवीत ती सुके बोंबील निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी येकदा तरी तोंड उघडा. माका काय नको. पण ह्यां माझ्या नावार नको."

मी म्हटलं, "बघूया."

बघूया! बायको मरायला टेकली आणि मी म्हणतो बघूया.

ती गेली. खांदा द्यायला दोन भाऊ तिचे, एक मी, आणि चौथा माणूस मिळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

बाराव्यानंतर आबाने माझ्या दारात टोपली पाठवली. आत तारली मासळी होती. निरोप होता, "तू आता दमलंस. दोरयेर येव नको. वाटो घरात पोचतलो." मलाही तोच रोग असेल असा लोकांना संशय आला होता. शेजारीण म्हणाली, आबा किती मोठ्या मनाचा. मी टोपलीकडे बघितलं. रापणीत हात न लावता वाटा मिळतो तो वाटा नसतो. ती भीक. सुरूखालचे बांगडे आणि ही टोपली, दोन्ही एकच.

टोपली उचलली आणि आबाच्या पायरीवर ठेवून आलो.

दुसऱ्या सकाळी शेवंतीच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून दोन्ही तळव्यांना बांधल्या. किनाऱ्यावर गेलो. जाळं अर्ध्यावर आलं होतं, आत मासळी उसळत होती. मी मधे घुसलो आणि दोरी धरली.

"सोड!" आबा.

"सोडूचंय नाय."

"मेल्या, सगळ्यांका मारतलंस!"

मी मोठ्याने बोललो. लाटेवरून पलीकडच्या दोरीवाल्यांनाही ऐकू जाईल असं. "ह्यो रोग मियां हाडलो! बोटीर असताना. माझ्या बायलेन नाय. तिका मियां दिलो!"

माझ्या पुढच्यामागच्यांनी दोरी टाकली. दोरी ढिली पडली. जाळं एका अंगाने वाकलं, मासळी तोंडाकडे वळली. होडीतून शिव्या आल्या, "ओढा रे! मासळी चल्ली!" मी एकटाच टाच रोवून धरून होतो. पट्ट्या करकचल्या.

आबा मासळीकडे बघे, माझ्याकडे बघे.

मग एकेकाने दोरी धरली. माझ्यापासून चार हात सोडून. प्रेमाने नव्हे, मासळीसाठी. जाळं आलं.

वाटे लागले. माझा सुरूखाली. मी तो उचलला नाही. ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "आबा, हंय दोन वाटे लागतले. एक माझो. एक शेवंतीचो. त्या दिवशी तिचो हात दोरयेक लागलेलो. तुमी सगळ्यांनी बघलास."

आबा जाळ्याकडे वळला. लोक आपापले वाटे उचलून गेले. सुरूखाली कावळे उतरले.

तेव्हापासून रापण असेल त्या सकाळी मी जातो. आता माझ्या गोळ्या चालू आहेत, घाटही चढतो. जाळं अर्ध्यावर आलं की दोरी धरतो आणि तेच बोलतो, तेवढ्याच मोठ्याने. काहींना कंटाळा आलाय. येऊ दे. दोन वाटे ओळीत लागेपर्यंत मी मरणार नाही, आणि मेलो तर दोरी हातात असताना मरेन. माझी बोटं त्यांनाच सोडवावी लागतील. हात लावून.