पदरावरचा मोर परत आणणाऱ्या मालतीताई

मालतीताई देवरे यांची आणि माझी पहिली ओळख टेबलाखाली झाली. सातपूरच्या एका कारखान्यात मी यूपीएस पोचवायला गेलो होतो. संगणक विभागाच्या प्रमुखांची सही हवी म्हटल्यावर शिपायाने खुर्चीकडे न बघता जमिनीकडे बोट दाखवलं. टेबलाखालून आवाज आला, "कोण आहे ते? हात मोकळे असतील तर टॉर्च धरा."

मी टॉर्च धरली. त्या वायरी सोडवत होत्या आणि मला नुसतं उभं राहवेना. म्हणालो, "मॅडम, पलीकडच्या डब्यातला पंखा घासतोय."

"कशावरून?"

"ऐकू येतंय."

त्या बाहेर आल्या, साडीच्या निऱ्या झटकल्या आणि त्या डब्यावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. "घासतोय खरा. तुम्ही करता काय?"

"नाशिकरोडला टेपरेकॉर्डर दुरुस्त करतो. शाळा नववीपर्यंत."

"कानांना नववी पुरते. बाकीचं शिकायचं असेल तर शनिवारी या."

मी गेलो, आणि पुढे कित्येक शनिवार जात राहिलो. आज माझं दुकान आहे, हाताखाली माणसं आहेत, लोक शेठ म्हणतात. मॅडम मात्र अजूनही मला 'टॉर्चवाले' म्हणूनच हाक मारतात, आणि खरं सांगतो, त्या हाकेला मी जितक्या चटकन वळतो तितका शेठ म्हटल्यावर वळत नाही.

मॅडमच्या कामाविषयी या गौरव अंकात इतर मान्यवर अधिकाराने लिहितीलच. मी जे जवळून पाहिलं तेवढंच सांगतो. त्या काळी कारखान्याचा सगळा हिशेब, पगार, माल रोज टेपवर उतरवून ठेवायची पद्धत होती. टेप म्हणजे आपल्या गाण्याच्या कॅसेटची जाडजूड मावशी समजा. ती यंत्रात घालायची, सॉफ्टवेअरने संगणकातला मजकूर तिच्यावर उतरवायचा आणि कॅसेट काढून कपाटात ठेवायची. एकदा साहेबांनी मॅडमना विचारलं, "बॅकअप झाला का?"

मॅडम म्हणाल्या, "घेतलाय. झाला की नाही ते अजून माहीत नाही."

"म्हणजे काय?"

"साहेब, लोणचं घातलं म्हणजे झालं का? बरणी उघडून चाखल्याशिवाय कोणी सांगतं का?"

त्यांच्या विभागात दर महिन्याला बरणी उघडायचा दिवस असे. कुठली तरी एक फाइल टेपवरून खरोखर परत आणायची आणि ज्याची ती फाइल त्याला बोलावून दाखवायची. एकदा त्यांनी कँटीनचा जुना मेनू परत आणला. त्यात बुधवारी गुलाबजाम निघाला. बातमी सगळ्या कारखान्यात पसरली आणि कँटीनवाल्याला त्या बुधवारी गुलाबजाम करावेच लागले. "मॅडम, पुढच्या वेळी पगाराची फाइल काढा, माझ्या पोटावर येऊ नका," असं तो हात जोडून म्हणाला. मॅडमनी त्याच्याकडून दोन गुलाबजाम मात्र मागून घेतले.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे एका वेळी एकच गोष्ट हलवायची. वायर बदलली असेल तर सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही. "दोन्ही बदललंत आणि चाललं, तर कशाने चाललं ते कोणाला विचारणार?" हे ऐकायला सोपं वाटतं. समोर चार माणसं घड्याळ बघत उभी असताना पाळायला बसा, मग कळतं. गेल्या वर्षी येवल्याला मॅडमनी ते कसं पाळलं ते सविस्तर सांगायला हवं. निवृत्तीनंतरही छोट्या संस्थांना त्या विनामूल्य मदत करतात, हे पुष्कळांना ऐकून ठाऊक आहे. तिथे मी ते डोळ्यांनी पाहिलं.

येवल्यात पैठणी विणणाऱ्यांची एक छोटी संस्था आहे. विणकरांच्या घरोघरच्या जुन्या नक्षी, म्हणजे चौकटीच्या कागदावर काढलेले मोर, पोपट, कमळं, या संस्थेने संगणकात घालून ठेवल्या होत्या. मॅडमच्याच सल्ल्याने टेपही घेतली होती. एक दिवस ईमेलमधून व्हायरस शिरला आणि सगळ्या फाइलींना कुलूप लागलं. शेजारच्या डिस्कवरची दुसरी प्रतही गेली, कारण ती वायरने जोडलेलीच होती. राहिल्या त्या कपाटातल्या कॅसेटी. मी नवा संगणक घेऊन गेलो, बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकलं, टेपचं यंत्र जोडलं. सॉफ्टवेअर म्हणे, यंत्रच नाही. यंत्र समोर दिवा लावून बसलेलं, आणि हे म्हणे नाही.

तिथे रमणकाका नावाचे विणकर सकाळपासून बाकावर बसून होते. त्यांच्या मागावर पुतणीच्या लग्नाची पैठणी होती. पदरावरचा मोर त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, स्वतः काढला होता. भाऊ दोन वर्षांपूर्वी गेले. मूळ कागद वाळवीने खाल्ला. रमणकाका संस्थेतून एकेका भागाचा छापील कागद नेत आणि विणत. मोर छातीपर्यंत आला आणि संगणक बसला.

"दुसरे मोर लय मिळतील हो," ते मला म्हणाले. "पर पोरीला बापाचा पायजे ना. मानेला त्यानं कसा बाक दिलता, माझ्या हातात नाय तो."

मी बाहेर जाऊन मॅडमना फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीतून त्या आल्या, मांडीवर जेवणाचा डबा.

त्यांनी सर्वांत आधी काय केलं? संगणकाकडे पाहिलंसुद्धा नाही. कपाटातल्या कॅसेटी मागवल्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यातली बारकी खिट्टी सरकवली. ती सरकली की कॅसेट वाचता येते, पुसता येत नाही. "आता आपण कितीही वेडेपणा केला तरी हिला काही होणार नाही. चला, वेडेपणा करू."

मग त्यांनी मला विचारलं, "संगणकाला यंत्र दिसतंय का?"

"संगणकाला दिसतंय. सॉफ्टवेअरला नाही."

"म्हणजे वायर, वीज ठीक. भांडण वरच्या मजल्यावर आहे. कोणी आधीच हात धरून ठेवलाय का बघा."

बघितलं तर खरंच. यंत्राबरोबर आलेलं बॅकअपचं दुसरं एक फुकट सॉफ्टवेअर आपोआप बसलं होतं, आणि संगणक सुरू झाला की तेच पहिल्यांदा यंत्राचा ताबा घेत होतं. मॅडम म्हणाल्या, "एक नवरी आणि दोन वराती. एक परत पाठवा." मी ते काढलं, आधी यंत्र मग संगणक असं चालू केलं, आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्राचं नाव उमटलं.

संस्थेचे चिटणीस भालेरावसाहेब लगेच म्हणाले, "पेढे सांगतो."

"थांबा, भालेराव. नाव कळलंय, स्वभाव कळायचाय." मॅडमनी खरी कॅसेट लावली नाही. कोरी लावली. तिच्यावर काहीतरी उतरवायचं आणि तेच वाचून बघायचं. यंत्र चालू झालं. थोडं पुढे गेलं, थांबलं, मागे आलं, पुन्हा तेवढंच पुढे गेलं. रस्त्यात चप्पल तुटलेल्या माणसासारखा आवाज. मी मॅडमकडे पाहिलं.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "आता टॉर्च धरा."

मी यंत्राच्या तोंडाशी टॉर्च धरली. आत कडेला लालसर पिवळं काहीतरी होतं, आणि झेंडूची एक वाळकी पाकळी.

आपल्याकडे खंडेनवमीला जे यंत्र पोटाला देतं त्याची पूजा होते. मागाची होते, शिवणयंत्राची होते, तशी भालेरावसाहेबांनी मनोभावे याचीही केली होती. हळदकुंकू, फूल, उदबत्ती. यंत्राला तोंड दिसलं, तिथे फूल ठेवलं. यात वेगळं असं त्यांनी काय केलं? हे मी त्यांना विचारूनच लिहितोय. तेच म्हणाले, "लिहा, दुसऱ्या कोणाचं तरी यंत्र वाचेल."

त्या वेळी मात्र त्यांचा चेहरा उतरला होता. "ताई, माझ्याच हातानं झालं की काय हे?"

मॅडम म्हणाल्या, "भालेराव, तुम्ही पूजा केलीत म्हणून निदान हे यंत्र कुठल्या कोपऱ्यात आहे ते तुम्हाला माहीत होतं. मी अशी कार्यालयं पाहिली आहेत जिथे ते कोणाला सापडतही नाही. पुढच्या वर्षी दार मिटून ठेवा आणि कुंकू कपाळाला लावा. तोंडात घास देऊ नका."

भालेरावसाहेब हसले, आणि बाकावरचे रमणकाकाही.

मी पुढे होऊन फुंकर मारणार, तोच मॅडमनी माझा दंड धरला. "थुंकी जाते आत." माझ्याजवळच्या मऊ कुंचल्याने त्यांनी तोंडाशी होतं तेवढं बाहेर घेतलं, पाकळी चिमट्याने काढली. आतल्या भागासाठी साफसफाईची खास कॅसेट लागते. ती माझ्या दुकानात होती. दुकानातल्या माणसाने ती नाशिकहून एसटीत कंडक्टरकडे दिली.

गाडी येईपर्यंत मॅडमनी सगळ्यांना जेवायला बसवलं. "उपाशी माणूस दोन बटणं एकदम दाबतो." मग रमणकाकांना म्हणाल्या, "चला, तुमचा मोर दाखवा." घरी मागावर तो होता. पाय, पिसारा, छाती, आणि पुढे नुसते ताणलेले धागे. मॅडम बराच वेळ पाहत होत्या. रमणकाका म्हणाले, "ताई, नायच निघाला तर सांगा मोकळं. मी पोरीला समजावीन."

मॅडमनी खोटा धीर दिला नाही. "कॅसेट चांगली असावी असं मला वाटतं. पण वाटण्याचं काय खरं? संध्याकाळी सांगते."

एसटी आली. साफसफाईची कॅसेट एकदा फिरवली. मी म्हणालो, अजून एकदोनदा फिरवू. "नको. घासून घासून भांडं झिजतं. एकदा फिरवा आणि तपासा." कोरी कॅसेट लावली. या वेळी यंत्र एका दमात चाललं, न अडखळता, आपली मेलगाडी रात्री घाट चढून घोटी सोडल्यावर धावते तसं. वाचून पाहिलं, अक्षरन् अक्षर जुळलं. मॅडम स्वतःशीच पुटपुटल्या, "आते बेस शे." म्हणजे, आता छान आहे. सटाण्याकडची त्यांची माहेरची बोली; काम मनासारखं झालं तरच ती बाहेर पडते.

मग खरी कॅसेट. नव्या संगणकाला तिच्यात काय आहे हे ठाऊकच नव्हतं, त्यामुळे पडदा रिकामा दिसला आणि भालेरावसाहेबांनी डोळे मिटून घेतले. "अहो, नवीन सून आहे," मॅडम म्हणाल्या, "आधी घरातली माणसं ओळखू दे." कॅसेट सुरुवातीपासून वाचायला लावली. हळूहळू एकेक नाव पडद्यावर येऊ लागलं. शेवटी सॉफ्टवेअरने हिरवी खूण करून सांगितलं की काम यशस्वी.

मी टाळी वाजवायला हात उचलले होते. मॅडम उठल्या आणि आपली खुर्ची रमणकाकांना दिली. "यंत्र म्हणतंय झालं. तुम्ही काय म्हणता?"

काका पडद्याच्या अगदी जवळ गेले. बोटाने एकेक चौकट खालून वर मोजत मानेपर्यंत आले. तिथे बोट थांबलं. "हाच," ते म्हणाले. "हितं त्यानं एक घर चुकीचं भरलं होतं. म्या म्हणलो खोड, तर म्हणला राहू दे, त्यानंच मान वळती." मॅडमनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "छापा. दोन प्रती. आणि भालेराव, आता सांगा पेढे."

लग्नाला आम्ही दोघंही गेलो. मॅडमनी मानधन घेतलं नव्हतंच, आहेरही घेतला नाही. पैठणीचा पदर तेवढा हातात घेतला, चष्मा वर केला आणि उलटून मागची बाजू पाहिली. मोर दोन्हीकडून सारखाच होता, मानेच्या त्या एका घरासकट. नवरी वाकून नमस्कार करायला लागली तेव्हा रमणकाका म्हणाले, "ताई, हिच्या लेकीच्या लग्नालाबी यायचं तुमी."

मॅडमनी विचारलं, "किती वर्षं आहेत त्याला?"

"पंचवीस तरी धरा."

"बरं. तारीख ठरली की आधी मला कळवा. ऐन वेळी सांगाल तर जमायचं नाही."

आज मॅडम पंचाहत्तर पूर्ण करत आहेत. त्यांचे डोळे, गुडघे आणि ते मोकळं हसू असंच शाबूत राहो, असं त्यांच्याकडून शिकलेल्या आम्हा सगळ्यांच्या वतीने मागतो. मॅडमनी येते म्हणून सांगितलं आणि आल्या नाहीत, असं गेल्या इतक्या वर्षांत मी पाहिलेलं नाही. पंचवीस वर्षांनंतरच्या येवल्याच्या त्या लग्नालाही त्या जाणार आहेत. गाडी मी काढीन.