वस्तरा आणि वकील

धंदा न्हाव्याचा, पण सगळी गल्ली त्यांना वकील म्हणायची. कोर्टाची पायरी या माणसाने जन्मात चढली नव्हती. पण खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कपडा बांधला की जी जीभ सुटायची, ती तोंडावरचा साबण पुसून होईपर्यंत थांबत नसे. कुणाच्या भांडणात कोण चुकलं, कुणाच्या जावयाने काय करायला हवं होतं, सगळे निकाल तिथेच लागायचे. लोक दोन दुकानं ओलांडून त्यांच्याकडे यायचे, ते निम्मे दाढीसाठी आणि निम्मे या बडबडीसाठी. घरी बायको म्हणायची, "अहो, आधी तोंडातला घास तरी गिळा." वकील घास गिळायचे आणि पुढे चालू.

एक नियम मात्र कडक होता. वस्तरा गळ्याशी असताना बोलायचं ते न्हाव्याने, गिऱ्हाइकाने हूं की चूं करायचं नाही. एखाद्याने तोंड उघडलंच तर वकील वस्तरा वर धरून तो गप्प होईपर्यंत नुसते उभे राहायचे.

मग उजवा हात थरथरू लागला. आधी अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, तंबाखू मळत असल्यासारखं. पुढे मनगट जड झालं, दाढीला दुप्पट वेळ लागू लागला. आणि एक दिवस एका जुन्या गिऱ्हाइकाची हनुवटी कापली. त्या बिचाऱ्याने स्वतःच तुरटी फिरवली, "चालायचंच" म्हणाला आणि गेला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर वकिलांना बरं वाटलं असतं. त्यांनी वस्तरा खणात ठेवला आणि खुर्ची मुलीच्या ताब्यात दिली. लग्न होऊन शेजारच्या गल्लीत राहणारी मुलगी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, हात तिचाही छान होता. पण वकिलांना स्वतःचा हवा होता.

कंपवाताच्या गोळ्यांनी काही वर्षं काढली, मग त्यांचा भरवसा उरला नाही. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायको दोघांना समोर बसवून समजावलं. "काका, मेंदूच्या अगदी खोलात, दोन्ही बाजूंना, मसुराच्या दाण्यापेक्षा जरा मोठी एकेक गाठ असते. सबथॅलॅमिक न्यूक्लियस म्हणतात."

"गाठ?" बायकोचा चेहरा उतरला.

"तसली नव्हे हो. सगळ्यांना असते, मलाही आहे. पेशींचा पुंजका. हालचालींना लगाम घालायचं काम त्याचं. या आजारात तो सारखा गोंगाट करतो आणि लगाम ओढूनच धरतो. तिथे बारीक तार सोडून हलकी वीज देत राहिलं की तो ताळ्यावर येतो."

"म्हणजे तिला जरा गप्प करायचं," वकील म्हणाले.

"तुमचीच गाठ ती, तुमच्यावरच गेली," बायको म्हणाली, आणि डॉक्टरीणबाई मान खाली घालून हसल्या.

ऑपरेशन जागेपणी होतं. तार सोडताना हात कसा चालतो, बोलणं कसं येतं ते पाहत पाहत जागा ठरवायची असते. हे त्यांना आदल्या दिवशी नीट सांगितलं होतं. पण डोकं चौकटीत पक्कं बसलं, कवटीला भोक पडल्याचा आवाज झाला आणि वकिलांच्या मनात एकच गोष्ट उरली: हत्यार आपल्या डोक्यात आहे.

"काका, मूठ उघडा, मिटा. छान. आता बोला काहीतरी."

वकील गप्प.

"दुकानाबद्दल सांगा ना."

"हं."

खोलीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. या माणसाची वाचा गेली की काय, म्हणून वीज कमी केली, परत वाढवली. वकील मनातल्या मनात वैतागले होते. इतकी शिकलेली बाई, आणि हत्यार चालवताना गिऱ्हाइकाला बोलायला लावते. शेवटी पुन्हा विचारल्यावर त्यांनी "ठीक आहे" एवढे दोन शब्द तिच्यावर उपकार म्हणून दिले. ते स्पष्ट होते. मूठही सुरेख उघडत होती.

काही आठवड्यांनी तारेला जोडून छातीच्या कातडीखाली बसवलेली बॅटरी सुरू झाली, वीज थोडी थोडी वाढवत नेली. हात असा स्थिर झाला की वकिलांनी तो उलटसुलट करून पाहिला. त्यांनी हनुवटी कापलेल्या त्या गिऱ्हाइकाला मुद्दाम बोलावून दाढी केली, एक ओरखडा नाही. पण त्यांचं बोलणं मात्र तोंडात गरम घास असल्यासारखं येत होतं, आवाज घशातच बसत होता. गिऱ्हाईक "काय म्हणालात?" विचारी. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नुसतं हसून मान हलवी. ती मान वकिलांना कळली. त्यांनी बोलणं सोडलं. दुकानात कैचीचा आवाज ऐकू येऊ लागला, आणि घरी ते ताटाकडे बघून जेवू लागले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तारेच्या शेजारूनच बोलण्याच्या वाटा जातात. वीज तिकडे पसरतेय."

"मी... तेव्हा बोललो असतो तर?" वकिलांनी कष्टाने विचारलं.

"कदाचित कळलं असतं, कदाचित नसतं. बोलूनही असं होतं काही जणांचं."

डॉक्टरीणबाईंनी बरेच प्रयोग केले. वीज कमी केली की जीभ सुटे आणि हात नाचू लागे. मधे कुठे ठेवली तर दोन्ही अर्धवट. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, हे तुम्हीच ठरवा."

"हात," वकील म्हणाले. तेवढंही चोथा होऊन आलं.

बायको खिडकीकडे बघत होती. "दाढी करायला पोरगी आहे," ती म्हणाली. "घरात मात्र बोलायला दुसरं कुणी नाही. जन्मभर म्हटलं, जरा गप्प बसा. आता बसलात तर मला जेवण जात नाही."

वकील मांडीवरच्या हाताकडे पाहत राहिले. छान हात होता. या हातासाठी डोक्याला भोक पाडून घेतलं होतं. मग त्यांनी डावा हात उचलून तळवा खाली खाली आणला. कमी करा.

पडद्यावरचा आकडा उतरला. अंगठा हलला, बोट हललं, मग मनगट मांडीवर आपटू लागलं. वकिलांनी खाकरून घसा साफ केला.

"चल गं," ते म्हणाले, "भूक लागली. काय केलंयस आज जेवायला?"

आणि बायको तिथेच पदर तोंडाला लावून रडू लागली, कारण "काय म्हणालात?" असं तिला विचारावं लागलं नव्हतं.