दोन वाजून दहा

समुद्र नसलेल्या बंगळुरात आमच्या घरी एक नाविक निपजला, याचं बाबांना फार कौतुक आणि आईला फार भय. माझा थोरला भाऊ, अण्णा, मालवाहू जहाजावर अधिकारी होता. दुपारी बारा ते चार जहाज त्याच्या नजरेवर चालायचं. सुट्टीत आला की जे. पी. नगरच्या रिकाम्या रस्त्यांवर तो मला स्कूटर शिकवायचा, तीही जहाजासारखीच. आडवी येणारी गाडी एकाच कोनात दिसत राहिली आणि नुसती मोठी होत गेली, तर ती आपल्यावरच येतेय असं समज, म्हणायचा. स्कूटरवर बसून एवढी भूमिती कोण करतं, असं मी त्याला चिडवायची.

पत्राच्या माथ्यावर तो तारखेबरोबर वेळही लिहायचा. जहाजावरच्या सगळ्या नोंदी तशाच असतात, ती सवय घरच्या पत्रातही उतरली होती.

त्या वर्षी माझं लग्न ठरत होतं. तुझं मत कळल्याशिवाय होकार देणार नाही, लगेच लिही, असं मी त्याला हट्टाने कळवलं. ते वाक्य आठवलं की आजही मला माझा राग येतो.

काही आठवड्यांनी त्याच्या कंपनीचा फोन आला. अण्णा पहाऱ्यावर असताना, स्वच्छ उजेडात, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी जहाजाने मासेमारीची एक लाकडी होडी चिरडली होती. होडीवरचे दोघे सापडले नाहीत. चौकशी होईपर्यंत अण्णा घरी राहणार होता.

तो घरी पोचण्याआधी त्याचं पत्र आलं. माथ्यावर अपघाताच्याच दिवसाची तारीख, आणि वेळ दोन वाजून दहा. स्थळ पसंत आहे, असं त्याने लिहिलं होतं. पुढे, 'पण तू स्वतः त्याच्याशी बोललीस का, हे', आणि तिथे ओळ तुटली होती. समोर बघायच्या वेळी अण्णा मला पत्र लिहीत बसला होता. हा कागद कुणाच्या हाती लागला तर तो कायमचा संपला, एवढंच मला कळलं. आई फाटकाशी शेजारच्या अक्कांशी बोलत होती. मी न्हाणीघरात गेले आणि पेटत्या बंबात तो कागद टाकला.

अण्णा आला तो वाळून. रोज टपालाची वेळ झाली की फाटकाशी जाऊन उभा राहायचा. माझं पत्र आलं का, म्हणून त्याने मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी नाही म्हणाले. तो घाबरलाय, असं मला वाटलं. मी त्याला वाचवतेय याचा मला थोडा अभिमानही होता.

चौकशीत त्याने सांगितलं की तो समोरच्या खिडकीशीच उभा राहून बघत होता, होडी अचानक आडवी आली. ते मानलं गेलं आणि सगळा दोष होडीवर गेला. तो परत आल्यावर आईने देवापुढे साखर ठेवली. अण्णाने ती घेतली नाही. संध्याकाळी गच्चीवर तो एकटा होता. त्याचं ओझं हलकं करावं म्हणून मी पत्राचं खरं सांगून टाकलं.



"कागदाच्या पाठीमागे वाचलंस?" त्याने विचारलं.

पाठीमागे काय होतं, मी विचारलं.

"सगळी कबुली. माझ्या सहीनिशी. तोंडाने सांगायचा धीर होणार नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून बंदरावर उतरताच टपालात टाकलं. ते घेऊनच मी चौकशीला जाणार होतो. आता त्या दोघांच्या घरी सांगितलंय, चूक तुमच्याच माणसांची."

मी कागद उलटून बघितलाच नव्हता.