कुटुंब की व्यवहार

जपानमधल्या सेंदाईच्या एका विद्यापीठासाठी मी घरबसल्या जुनी पत्रं वाचते. दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या बड्या जमीनदार घराण्यांची. भाऊ भावाला लिहितो, जावई सासऱ्याला. टोकियोत निशी-कसाईतल्या आमच्या घरात जेवणाच्याच टेबलावर स्कॅन मोठे करायचे, ती वळणदार अक्षरं लावायची आणि टाइप करायची. पुण्यात इंग्रजी शिकवत होते, ते असं कामी आलं.

प्रत्येक पत्रावर एक शिक्का टाकावा लागतो: कुटुंब किंवा व्यवहार. दोन्ही चालत नाहीत. आणि या मंडळींना तर काहीच वेगळं ठेवता येत नव्हतं. टपाल कागदागणिक महाग, त्यामुळे सगळं एकाच कागदावर कोंबलेलं. परवाच्या पत्रात पिठाचा भाव, लंगडणारा घोडा, एका पुलातली भागीदारी आणि अगदी तळाशी, 'धाकटी मंगळवारी गेली. बियाणं अजून पोचलेलं नाही.' सेंदाईच्या प्राध्यापिका बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ज्याच्या ओळी जास्त, तो शिक्का." मी 'व्यवहार' टाकलं आणि चहा ठेवला. वाईट वाटायला हवं होतं. पण बाबा गेल्यापासून मला काही वाटतच नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो, तशी सगळी झालेय.

त्याच दुपारी दादाचा मेल आला. पुण्याचा फ्लॅट विकायचाय, गिऱ्हाईक चांगलं आहे. बाबांच्या मागे फ्लॅट आईच्या, दादाच्या आणि माझ्या नावावर, म्हणून टोकियोच्या वकिलातीत जाऊन माझं मुखत्यारपत्र करून पाठव. मग पार्किंग, सोसायटीची एनओसी, वकिलाचा फोन नंबर. तळाशी, 'आईसाठी एक चांगला वृद्धाश्रम बघितलाय. तिची हरकत नाही.' ताकाला जाऊन भांडं लपवायची दादाची सवय जुनीच. तरी बाईंच्या नियमाने हा व्यवहारच होता. मी वकिलातीची वेळ घेतली.

कागदात फ्लॅटचं क्षेत्रफळ लिहायचं होतं, म्हणून आईला फोन लावला.

"ते दादाला विचार बाई. मला काय कळतंय त्यातलं?" आई म्हणाली. मग सांगत बसली, गॅस आला, वरच्यांची गळती पुन्हा सुरू झाली, कामवाली गावाला गेली. "आणि कुंड्या खालच्या वहिनींना देऊन टाकल्या."

"तुळससुद्धा?"

"सगळ्याच."

मी विचारलं, "आई, तुला जायचंय का तिकडे?"

"हे मला विचारू नकोस."

"का?"

"विचारलंस तर मी हो म्हणेन. दादाने विचारलं, तेव्हाही हो म्हटलं. तुझ्या बाबांनाही जन्मभर होच म्हटलं. मला दुसरं येत नाही गं. तू आपली न विचारता ठरव."

फोन ठेवला आणि मला राग आला. दादाचा, बाबांचा, त्या पिठाच्या भाववाल्याचा, आणि वेळ घेऊन बसलेल्या माझा स्वतःचाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं होतं. वेळ रद्द केली आणि दादाला लिहिलं, 'मी सही करणार नाही. आई तिच्या घरात राहील.'

हवापाणी नाही, पोरं कशी आहेत नाही. दोनच ओळी, एक व्यवहाराची, एक कुटुंबाची. काय शिक्का मारायचा तो मार म्हणावं.