छपरावरची चौदावी रासबेरी

एव्हर्ट शोदीन बुधवारी दुकानातल्या गोड गोळ्यांच्या भिंतीपुढे उभा आहे, ही बातमी नूरशो गावात पसरायला पाव तासही लागला नाही. त्याला तिथे पाहिलं होतं वरच्या मजल्यावरच्या सीवनं, आणि सीवला एखादी गोष्ट दिसली म्हणजे ती गावाला दिसलीच.

दुसरं कोणी उभं असतं तर सीवनं मान वळवूनही पाहिलं नसतं. गोळ्या शनिवारी खायच्या, हे स्वीडनात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शनिवारी काय दात किडायचे ते किडोत, बाकीचे सहा दिवस तोंड बंद. पण माणसंच ती. मंगळवारी कोटाच्या खिशात एखादी गोळी सापडली तर तिला कोणी शनिवारपर्यंत थांबवून ठेवत नाही. एव्हर्ट ठेवायचा. गावाच्या पोहण्याच्या तलावावर एकतीस वर्षं देखरेखीला होता तो. अंघोळ न करता कोणी पाण्याकडे वळलं की याची शिट्टी वाजलीच. निवृत्तीच्या दिवशी त्यानं शिट्टी परत केली, पण ती घशातच राहून गेली, असं सीव म्हणायची. आमच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक धुण्याची खोली आहे. तिथं त्याच्या चिठ्ठ्या लागत. 'ड्रायरच्या जाळीतली लव आपोआप नाहीशी होत नाही. – ए. शो.' खाली कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'ए. शो. पण नाही.' ते अक्षर कोणाचं, हे सगळ्या जिन्याला माहीत होतं. एव्हर्ट मात्र दोन वर्षं शोधत होता.

तर असा हा एकाहत्तर वर्षांचा माणूस हातात कागदी पिशवी आणि छोटा डाव घेऊन गोळ्यांच्या भिंतीपुढे खांबासारखा उभा. भिंत म्हणजे झाकणाच्या पारदर्शक पेट्यांची रांगच रांग. झाकण उचलायचं, डावानं हवं ते पिशवीत घालायचं.

"काय रे एव्हर्ट, आज वार कोणता?" सीवनं मागून विचारलं.

"बुधवार."

"बरं झालं बाई. मला वाटलं माझंच डोकं फिरलं. डॉक्टरांना फोन लावणार होते."

"घ्यायला बंदी नाहीये. खायला आहे."

"मग काय, वास घ्यायला नेतोयस?"

"घर करायचंय," तो पेटीकडेच बघत म्हणाला. "बिस्किटाचं."

सीवच्या तोंडात पुढचा टोमणा तयार होता. तो तिनं गिळला.

बिस्किटाचं घर हे गेर्दचं काम. गेर्द त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात गेली. नाताळच्या आधी तिच्या स्वयंपाकघरातून आलं, दालचिनी, लवंगेचा वास जिन्यात उतरायला लागला की लोक आपापल्या खिडकीत दिवे लावायला घ्यायचे. भिंती ती साखरेच्या पाकानं चिकटवी, छपरावर पिठीसाखरेचं बर्फ घाली आणि मग गोळ्या. खिडक्यांना लाल-पांढऱ्या पेपरमिंटच्या काड्या, धुराड्याला ज्येष्ठमधाच्या काळ्या वड्या, कुंपणाला चॉकलेटची रंगीत बटणं. आणि छपरावर, दोन्ही उतारांवर, साखरेत घोळलेल्या जेलीच्या लाल रासबेरी.

गोळ्या निवडायला ती नवऱ्याला बरोबर घेऊन जायची. दरवर्षी. एव्हर्टचं काम पिशवी धरायचं. बाकी सगळं ती मनानं घ्यायची, पण रासबेरीच्या पेटीशी आली की थांबायची. डाव हातात तसाच धरून, अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तशी विचारायची, "एव्हर्ट, किती घेऊ? तेरा की चौदा?"

आणि एव्हर्ट म्हणायचा, "तुला हव्या तेवढ्या घे."

मग ती तेरा घ्यायची. एका उतारावर सात, दुसऱ्यावर सहा. दाराच्या बरोबर वर एक जागा मोकळी. पाहुणे म्हणत, गेर्द, तुझं एक कौल राहिलं गं! ती हसून कॉफी ओतायची.

आज विचारणारं कोणी नव्हतं. म्हणूनच तर डाव हातात अडकून बसला होता.

गोष्ट सदतीस वर्षांपूर्वीच्या एका बुधवारची. तलावाचा बंब बिघडला म्हणून एव्हर्ट दुपारीच घरी आला. घरात सामसूम. लेक, आठ वर्षांची इल्वा, शाळेत. गेर्द खाली कपडे धुवायला गेलेली. टेबलावर घर तयार, छपरावर चौदा रासबेरी. त्यातली दारावरची एक वाकडी. आता वाकडी गोष्ट दिसली आणि एव्हर्टनं ती तशीच सोडली, असं कधी झालंय का? त्यानं दोन बोटांनी ती सरळ करायला घेतली. साखर ओली होती. रासबेरी हातात आली.

जिन्यात पावलं वाजली. आणि तलावावर तीनशे पोरांना धाकात ठेवणाऱ्या त्या माणसानं, रंगेहाथ सापडलेल्या पोरासारखी, ती तोंडात टाकली.

गोड होती. हेही त्याला सदतीस वर्षं विसरता आलं नव्हतं.

गेर्द टोपली घेऊन आत आली, त्याच्या मिशीकडे एकदा बघितलं, आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. तेवढ्यावर मिटलं असतं. पण संध्याकाळी इल्वा ओरडली, "पप्पा, एक रासबेरी नाहीये! कोणी खाल्ली?"

एव्हर्ट म्हणाला, "ज्यानं खाल्ली, तोच आधी ओरडतो."

शब्द तोंडातून निघून गेला. पोरगी रडली, भांडली, शपथा घेतल्या. जितकी रडली तितकं त्याला खरं सांगणं अवघड होत गेलं. नियम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि शिक्षा ठरलेली. नाताळनंतर विसाव्या दिवशी, म्हणजे क्नूटच्या दिवशी, नाताळ नाचत-गात घराबाहेर काढतात. झाडावरची सजावट उतरवायची आणि पोरांनी बिस्किटाचं घर मुठीनं फोडून खायचं. वर्षभर पोरं त्याच एका बुक्क्याची वाट पाहतात. त्या वर्षी जिन्यातली सगळी पोरं घरावर तुटून पडली, आणि इल्वा भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"तू तुझा वाटा आधीच खाल्लायस," एव्हर्ट म्हणाला होता. सगळ्यांदेखत.

गेर्दनं मान वर केली. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण नाही बोलली. नवऱ्याला चारचौघांत खाली पाहायला लावणं तिला जमलं नाही. पुढच्या डिसेंबरात गोळ्यांच्या भिंतीपुढे तिनं पहिल्यांदा विचारलं, तेरा की चौदा? तिला काय विचारायचंय ते एव्हर्टला पहिल्याच वर्षी कळलं. चौदा, एवढं एक म्हणायचं. म्हटलं की घरी जाऊन लेकीशी बोलावं लागणार. पुढच्या वर्षी म्हणू, असं म्हणत तो पिशवीचं तोंड उघडं धरून उभा राहिला. चौतीस वर्षं. मग पुढचं वर्ष आलं ते गेर्दशिवाय.

"अरे, किती वेळ बघतोस त्यांच्याकडे?" सीव म्हणाली. "लग्नाला मुली बघतोयस की काय?"

एव्हर्टनं झाकण उचललं. एक-एक करून मोजल्या.

"चौदा," तो म्हणाला. मोठ्यानं. सीवला, पेटीला, कोणाला ते त्यालाच माहीत.

घर करताना त्यानं बोट भाजून घेतलं. पाक हा पदार्थ नियम पाळत नाही. पहिल्या दोन भिंती भाजतानाच वाकल्या, त्या सीवनं कॉफीबरोबर संपवल्या. शनिवारी, हे सांगायला नकोच. तिसऱ्या खेपेला तो चक्क गवंड्याची पाणसळ लावून भिंती तपासत होता.

"यात कोण राहायला येणारे?" सीवनं विचारलं. "नळ पण टाकणारेस का?"

"इल्वाला बोलावलंय. क्नूटला."

"येते म्हणाली?"

"बघते म्हणाली."

इल्वा गोथेनबर्गला असते. कॉलेजला म्हणून गेली ती गेलीच. आधी एक नाताळ चुकला, मग दुसरा, मग येणंच थांबलं. बापाला रविवारी फोन करायची, तीन मिनिटं, हवा कशी आहे. आईशी बोलायला तर तेवढीही हवा पुरायची नाही. ती मायलेकींची अढी कशानं बसली ते गावाला कधी कळलं नाही, आणि गावाला कळत नाही असं आमच्याकडे फारसं काही नसतं.

क्नूटचा दिवस मंगळवारी आला. इल्वाही आली. पंचेचाळीस वर्षांची, डोक्यावर टोपी, कोट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी. टेबलावर घर. जरा जास्तच सरळ, पण घर.

तिनं छपराकडे बघितलं. ओठ हलले, मोजत होती.

"चौदा?" ती म्हणाली.

"चौदा," एव्हर्ट म्हणाला. "बस ना. मला बोलायचंय."

"तू आजारी आहेस का?"

"नाही गं. बस."

ती बसली. त्यानं महिनाभर घोकलेलं सगळं भाषण विसरून एका वाक्यात सांगितलं, "ती रासबेरी मी खाल्ली होती."

इल्वा हसली. अगदी खरं हसली.

"तू? पप्पा, बुधवार होता तो!"

"वाकडी होती. सरळ करायला गेलो, हातात आली. मग..." त्यानं तोंडाकडे बोट नेलं.

हसू हळूहळू उतरलं. ती बराच वेळ त्या दारावरच्या रासबेरीकडे बघत राहिली.

"मला वाटायचं, मम्मानं खाल्ली," ती म्हणाली.

एव्हर्टला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मी नाही खाल्ली, हे मला माहीत होतं. तू तर शक्यच नव्हतं. तू शनिवारीसुद्धा मोजून तीन खायचास. मग राहिलं कोण? मम्मा खाते, गप्प बसते, आणि मला भिंतीला उभं करू देते. आणि वर दर वर्षी तेवढी एक जागा मोकळी ठेवते. दर वर्षी, पप्पा! मी दारातून आत आले की पहिलं ते भोक दिसायचं. मला वाटायचं, मला डिवचते. आठवण ठेव म्हणते."

"ती मला विचारत होती," एव्हर्ट म्हणाला. "ते माझ्यासाठी होतं. ती वाट बघत होती मी कधी..."

इल्वानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

ती म्हणाली, "दवाखान्यात शेवटची भेटायला आले होते ना, तेव्हा तिनं एकच मागितलं. म्हणाली, येताना जेलीच्या रासबेरी आण गं, खाव्याशा वाटतात. मी दुकानात गेले. त्या पेटीपुढे उभी राहिले. आणि मुद्दाम, पप्पा, मुद्दाम, खारट ज्येष्ठमधाच्या वड्या भरून नेल्या. तिला अजिबात आवडायच्या नाहीत. तिनं एक तोंडात टाकली, असं तोंड वेडंवाकडं केलं, आणि थँक्यू म्हणाली. हसली पण. मला वाटलं, आता फिटलं."

खिडकीतला दिवा काढायचा राहिला होता. तो तसाच जळत होता. दारावर टकटक झाली. सीव, हातात रिकामं ताट.

"काय मंडळी, फुटलं का घर? मला धुराडं ठेवा, आधीच सांगून..." तिनं दोघांची तोंडं बघितली. "मी ताट नंतर घेऊन येते," म्हणाली आणि जिना चढून गेली. सीव आपण होऊन माघारी गेल्याची ही गावातली पहिलीच नोंद असावी.

एव्हर्टनं घर लेकीपुढे सरकवलं. "फोड," तो म्हणाला. "तुझा बुक्का राहिलाय."

इल्वानं मूठ वळली. छपरावर नेली. तशीच धरून ठेवली, आणि मग उघडली. दोन बोटांनी तिनं दारावरची ती रासबेरी उचलली. जरा ओढावी लागली. या वेळी साखर चांगली वाळली होती. हातरुमालात बांधून ती तिनं कोटाच्या खिशात ठेवली.

"स्मशानात नेते," ती म्हणाली. "गाडीला अजून वेळ आहे."

"मी येऊ?"

"नको. मला तिच्याशी बोलायचंय."

दारात ती थांबली. "घर राहू दे असंच. मी सांगेन."

ती गेली. पुढच्या रविवारी फोन आला, तीन मिनिटं, हवा कशी आहे. त्याच्या पुढच्याही. घराचा तिनं विषय काढला नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

फेब्रुवारी गेला. क्नूटनंतर नाताळची वस्तू घरात ठेवणं हे आमच्याकडे बरं दिसत नाही, आणि ते ठेवणारा एव्हर्ट शोदीन, म्हणजे तर बोलायलाच नको. धुण्याच्या खोलीत चिठ्ठी लागली: 'बिस्किटाची घरंही आपोआप नाहीशी होत नाहीत.' या वेळी एव्हर्टनं अक्षर शोधलं नाही. चिठ्ठी काढलीही नाही.

ईस्टरच्या आधी सीव साखर मागायला आली. घर टेबलावर तसंच उभं. तेरा रासबेरी, दगडासारख्या कडक, वर धूळ. दर शनिवारी तो मऊ ब्रशनं झटकतो, तरी बसतेच.

"अरे बाबा, किती दिवस ठेवणारेस?" सीव म्हणाली. "पाड बघू. एक बुक्का घाल आणि मोकळा हो. एवढं काय त्यात?"

एव्हर्टनं साखरेचा डबा तिच्या हातात दिला.

"मला नाही घालता येत," तो म्हणाला. "मी माझा वाटा आधीच खाल्लाय."