ताटातली शेवटची वडी

नॉर्डालच्या लोकांना आर्लिस ट्वेटेन पाठमोरीच जास्त ओळखीची होती. तीसेक वर्षं ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आली होती, आणि ऑर्गनला बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडे असतं. गावातल्या प्रत्येक लग्नाला ती हजर, प्रत्येक मयताला हजर, पण फोटोत कुठेच नाही. तिला त्याचं वाईट वाटत नसे, उलट बरंच वाटे. पुढे पुढे करणं हे नॉर्डालमध्ये चोरीच्या खालोखालचं पाप आहे, आणि ते न करण्यात आर्लिस गावातही नावाजलेली.

मिनेसोटाच्या पश्चिम टोकाला असलेल्या या गावात कुणी कॉफी विचारली तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप' म्हणायचं. ताटातली शेवटची वडी तर कुणी उचलायचीच नाही. फार तर सुरीनं अर्धी करून घ्यायची. मग दुसरा उरलेल्या अर्धीतली अर्धी घेतो, तिसरा त्यातलीही अर्धी, आणि शेवटी नखाएवढा तुकडा ताटात वाळत पडतो. बाहेरून आलेल्या सुनांना आधी हसू येतं. दोन हिवाळे गेले की त्याही सुरी शोधायला लागतात.

या संकोचापायी आर्लिसनं एकदा गावाची लायब्ररी घालवली होती. लायब्ररी समितीच्या निवडणुकीला ती उभी होती, आणि स्वतःच्या नावापुढे खूण करायची लाज वाटली म्हणून तिनं समोरच्याला मत दिलं. हरली एका मतानं. निवडून आलेल्या गृहस्थानं वर्षभरात लायब्ररीला कुलूप लावलं आणि तिथं आता मासे धरायच्या गळांचं दुकान आहे. आपण असं मत दिल्याचं आर्लिसनं फक्त नणंदेला, व्हर्डेलला सांगितलं. व्हर्डेलला सांगितलं म्हणजे सगळ्या गावाला सांगितलं.

यंदा पाळी शाळेची होती. शाळा मंडळात सात जण. त्यातला एक शेती विकून ॲरिझोनाच्या उन्हात राहायला गेला, आणि उरलेल्या सहांत तिघं नॉर्डालची शाळा बंद करा म्हणणारे, तिघं नको म्हणणारे. बंद झाली तर सहा-सात वर्षांच्या पोरांनी हिवाळ्यात अंधारात उठून तासभर बसमधून फेअरमिलला जायचं. सातव्या जागेवर जो येईल तो निकाल लावणार होता. त्या जागेसाठी बियाणं विकणारा ड्वेन हाउगेन उभा होता. माणूस सरळ. मुलं कमी झालीत, शाळा गरम ठेवणारा बॉयलर म्हातारा झालाय, मी बंद करण्याच्या बाजूनं मत देणार, असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं. अर्ध्या गावाला ते पटलंही होतं.

त्याच्यासमोर उभं कोण राहणार, यावर चर्चच्या तळघरात गोधड्या शिवणाऱ्या बायकांची एक अख्खी सकाळ गेली. प्रत्येकीनं दुसरीचं नाव घेतलं आणि दुसरीनं तिसरीचं. शेवटी व्हर्डेलनं आर्लिसला विचारलं. आर्लिस म्हणाली, छे, मी कुठली. व्हर्डेलनं पुन्हा विचारलं. आर्लिस म्हणाली, माझ्यापेक्षा जॉइस बरी. तेव्हा व्हर्डेलनं हातातली सुई खाली ठेवली.

"तू ज्या पियानोवर शिकलीस तो त्या शाळेचा," ती म्हणाली. "तुझ्या बापाकडे गाई होत्या, पियानो नव्हता. संध्याकाळी धारा काढून झाल्या की तू जायचीस, आणि बाई तुझ्यासाठी मागचं दार उघडं ठेवायच्या. आता त्या दाराला कुलूप लागलं तर चालेल का तुला?"

तिसऱ्यांदा नाही म्हणायची रीत नव्हती. "बरं," आर्लिस म्हणाली. सवयीनं ती पुढे 'अर्धं' म्हणणार होती, पण निवडणुकीला अर्धं उभं राहता येत नाही.

प्रचार कसला, गंमतच झाली. आर्लिस घरोघरी जायची आणि आधी ड्वेनचं कौतुक करायची. व्हर्डेल गाडीत कपाळाला हात लावून बसायची. "माझा भाऊ तुला मागणी घालायला आला," ती म्हणाली, "तेव्हाही तू त्याला आधी मैत्रिणीचंच नाव सुचवलं होतंस." पण दहा-बारा घरं झाल्यावर आर्लिसला शब्द सापडले. ड्वेन चांगला माणूस आहे, ती सांगू लागली, पण तो शाळा बंद करेल आणि मी करणार नाही. एवढंच बोलून ती निघायची. लोक दार लावून घ्यायचे आणि मग बराच वेळ खिडकीतून बघत राहायचे.

पहिल्या बर्फाला ड्वेन स्वतः तिच्या दारातला बर्फ काढायला आला, दर वर्षी यायचा तसाच. जाताना म्हणाला, मी माझं मत तुला देईन, तू तुझं मला दे, म्हणजे कुणी स्वतःला मिरवलं असं व्हायला नको. आर्लिस म्हणाली, "हं, बघू." नॉर्डालमध्ये याचा अर्थ हो असाच होतो. ड्वेन खूश होऊन गेला आणि आर्लिसला नंतर जेवण गेलं नाही.

मतदान होतं फायर ब्रिगेडच्या शेडमध्ये. बंब बाहेर काढून ठेवलेला, आत ओल्या बुटांचा चिखल, आणि निम्मं गाव रांगेत. आर्लिसच्या पुढेच ड्वेन. तो मागे वळला आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय आर्लिस, आपलं ठरलंय तसंच ना? मी तुला, तू मला."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आत जाऊन कुणी काय केलं हे कुणाला कळणार होतं? पण खोटं बोलणं तिला जमणारं नव्हतं, आणि खरं बोलायचं म्हणजे सगळ्यांदेखत स्वतःची तरफदारी करायची. तिला उघड्या दारातून समोरचं गळांचं दुकान दिसत होतं.

"नाही ड्वेन," ती म्हणाली. "मी मत मलाच देणार आहे. तूही तुलाच दे."

ड्वेन कानापर्यंत लाल झाला. "असं होय," तो म्हणाला. कुणाचा गोठा जळाला तरी नॉर्डालची माणसं एवढंच म्हणतात.

आर्लिस आत गेली. आपल्या नावापुढचा गोल तिनं इतका दाबून भरला की कागद फाटतो की काय असं वाटलं. बाहेर येताना मात्र ती रांगेतल्या एकेकाकडे नीट बघत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळघरात गोधड्या पसरलेल्या असताना व्हर्डेल कोटसुद्धा न काढता जिन्यावरून खाली आली. ड्वेन दोनशे अकरा, आर्लिस दोनशे बारा. बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि या गावात टाळ्या फक्त नाताळच्या कार्यक्रमात वाजतात. आर्लिस खुर्चीवर बसली. शाळा राहिली होती. तिच्या एका गोलानं राहिली होती, आणि तिला त्याची तसूभरही लाज वाटत नव्हती. आयुष्यात इतका आनंद तिला क्वचितच झाला असेल.

तेवढ्यात ड्वेन आला, टोपी हातात. त्यानं अभिनंदन केलं, फेरमोजणी मागणार नाही म्हणून सांगितलं आणि तिथंच घुटमळत राहिला.

"एका मतानं गेलं रे," जॉइस हळहळली.

"हो ना," ड्वेन म्हणाला. "माझ्याच. मी आर्लिसला दिलं."

आर्लिस उठून उभी राहिली. "तुला सांगितलं होतं ना, स्वतःला दे म्हणून?"

"सांगितलं होतंस. पण शब्द दिला होता," तो म्हणाला. मग खाली बघून म्हणाला, "आणि पेन हातात घेतल्यावर लाज वाटली."

व्हर्डेल इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "या गावात कुणी मतांनी हरत नाही," ती डोळे पुसत म्हणाली, "लाजेनं हरतं." ड्वेनलाही हसू आलं. त्याला कॉफी विचारली, त्यानं दोनदा नको म्हटलं आणि मग अर्धा कप घेतला.

टेबलावर ताटात लिंबाची एकच वडी उरली होती. सगळे तिच्याभोवती उभे होते आणि कुणी हात लावत नव्हतं. ड्वेननं सवयीनं सुरी उचलली आणि आधी आर्लिसपुढे धरली.

आर्लिसनं सुरी घेतली आणि बाजूला ठेवून दिली. मग ती वडी अख्खी उचलली आणि सगळ्यांकडे तोंड करून, शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.