धुक्यातले डाग

"यात पाखरं कुठं आहेत?" साहेबांनी फोटो टेबलावरून पुढे सरकवला.

गुरुजी बोट ठेवायला वाकले. बोट तसंच हवेत राहिलं. फोटोत तलाव होता, त्यावर धुकं, आणि अलीकडे बाभळीजवळ तीन बगळे. बाकी सगळं पांढरं.

"बगळे आमच्या कॉलनीच्या नाल्यावरही असतात, गुरुजी. अर्जात तुम्ही शंभरावर परदेशी पक्षी लिहिलेत."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे पाहत होते.

मी रिसोडला एका फोटो स्टुडिओत काम करते. लग्नाचे, बारशाचे, पासपोर्टचे फोटो. शिक्षण चौथीपर्यंत, कॉम्प्युटरवरची बटणं मी चित्रावरून ओळखते. फोटो क्लीन करणं हे माझं मुख्य काम. नवरीच्या गालावरचा फोड, नवरदेवाच्या शर्टाला लागलेली हळद, सगळं ब्रशने जातं. हा ब्रश शेजारची चांगली जागा उचलून डागावर बसवतो. मान खाली घालून करायचं काम आहे. कोणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं.

गुरुजी माझ्या माहेरच्या गावचे. चौथीपर्यंत मला त्यांनीच शिकवलं. गावचा तलाव बुजवून तिथे दुकानांचे गाळे बांधायचं ठरलं होतं. थंडीत तिथे लांबून पक्षी येतात हे दाखवता आलं तर काम थांबू शकतं, असं त्यांना एका वकिलाने सांगितलं. पुरावा म्हणून फोटो हवा होता, आणि तहसील कचेरीत साहेबांपुढे जायला चारच दिवस होते.

मी स्टुडिओचा जुना कॅमेरा मागून नेला. त्याला लग्नाची लेन्स होती, म्हणजे जवळची माणसं घेणारी. लांबचं तिच्यात तिळाएवढं येतं. उजाडताना आम्ही तलावाच्या पाळूवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसलो. समोर दूध सांडल्यासारखं धुकं. गुरुजींनी दुर्बीण लावली आणि कुजबुजले,

"आले पोरी! पट्टकदंब. हिमालय वलांडून येतेत हे. एक, दोन, तीन... अवं, शंभराच्या वर हायेत! दिसून राह्यले ना तुले?"

मला आवाज येत होता. धुक्याच्या आतून, घसा बसलेल्या माणसासारखा. दिसत मात्र फक्त बगळे होते. दुर्बीण मागायला हवी होती.

"हो, गुरुजी."

"पक्के ना?"

"हो."

शाळेतही मी असंच म्हणायचे. फळ्यावरचं दिसलं नाही तरी हो. मी आवाजाच्या दिशेने सतरा फोटो काढले.

दुपारी ते कॉम्प्युटरवर पाहिले. एकात धुकं जरा विरळ होतं, तो ठेवला. पांढऱ्यावर बारीक काळे ठिपके दिसत होते. आमच्या कॅमेऱ्यात आत धूळ बसलेली आहे. रंगीत मांडवात ती कळत नाही, पण पांढऱ्या भिंतीवर, आभाळावर लगेच दिसते. रोज पुसते तशीच पुसायला घेतली. ठिपके संपेनात. आज धूळ फार आहे, एवढंच मनात आलं. सगळं पुसून त्याच फोटोवर सेव्ह केलं. संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं, बाकीचे सोळा त्यात गेले. तशी पद्धतच आहे.

लिफाफा मीच बंद करून गुरुजींना दिला. त्यांनी तो उघडून पाहिला नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

आणि आता साहेबांच्या टेबलापुढे मला कळलं की ती धूळ नव्हती.

"साहेब," मी म्हणाले. "पाखरं होती. मी पुसली."

"काय केलं?"

"पुसली. मला धूळ वाटली."

कोपऱ्यातला बाबू हसला. "ताई, आमच्या घरी बी या एकडाव झाडू माराले!"

साहेब हसले नाहीत. "म्हणजे हा फोटो एडिट केलेला आहे?"

"हो."

"पुसता येतं तसं टाकताही येतं, बाई. मग या बगळ्यांचं तरी काय खरं?" त्यांनी कागदावर लिहिलं, फोटो ग्राह्य नाही. म्हणजे पुरावा म्हणून धरता येत नाही. गप्प बसले असते तर निदान तीन बगळे राहिले असते.

परतताना जीपमध्ये गुरुजी म्हणाले, "बोल्ली तं बोल्ली, कवा बोल्ली! दिसत नाई म्हून तवाच काहून नाई सांगतलं? दुर्बीण माह्या गळ्यातच व्हती ना, बाई."

ते नेहमी मला पोरी म्हणायचे.

पुढचे तीन दिवस पहाटेच मी एकटी तलावावर गेले. धुकं होतं. पहिल्या दिवशी आवाज आला, पण धुकं हटेपर्यंत ते उडून गेले होते. दुसऱ्या दिवशी सांडव्याला मशीन लावलं होतं, पाणी सोडून देत होते. तिसऱ्या दिवशी नुसता चिखल होता. आता तिथे मुरूम टाकला आहे.

फोटो मात्र आमच्या स्टुडिओच्या मालकांना, भाऊंना, फार आवडला. त्यांनी त्याचा दहा फुटी पडदा छापून आणला. लग्न ठरलेली जोडपी त्याच्यापुढे उभी राहतात. ही जागा कुठली, असं एखादी मुलगी विचारते. भाऊ सांगतात, काश्मीर.

पडदा टांगला त्या दिवशी भाऊंनी वर डाव्या कोपऱ्याजवळ बोट दाखवलं. "हा डाग कसा राह्यला वं? फाईलमधून काढून टाक, पुढच्या वेळी छापू तवा."

मी स्टुलावर चढून पाहिलं. एवढ्या मोठ्या आकारात त्याला मान होती. एक पंखही होता.

"राहू द्या, भाऊ," मी म्हणाले. त्या फाईलला मी नंतर हात लावला नाही.

आमच्या कामातली ही साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही. कॅमेऱ्यातली धूळ प्रत्येक फोटोत त्याच जागी असते. पाखरू जागा बदलतं. पुसायच्या आधी दोन फोटो शेजारी ठेवून पाहावेत. माझ्याकडे सतरा होते.